बॉडीचं घरचं नाव

"पण बॉडी ताब्यात घेतलीच पाहिजे, असा कायदा आहे का?"

विचारणारा माणूस उभा होता. बसायला पोतं अंथरलं होतं, पण तो बसला नव्हता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं.

तुळजागीर बाबा सुंभ वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कायद्याचं हवालदारांना विचारा."

जाधवर हवालदार लिंबाच्या सावलीत मोटारसायकलला टेकून उभा होता. सकाळपासून तो इथंच होता आणि कंटाळला होता.

"कायदा नाही साहेब," तो म्हणाला. "नको असली तर नको म्हणून सही करा. मग मठवाले बघतात. पण आजच्या आज ठरवा. दवाखान्यातला फ्रीज बंद पडलाय, म्हणून तर इथं आणली. बॉडी थांबत नसते कुणासाठी."

नदीच्या वळणावर हा मठ आहे. ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांना इथं आणतात. इथली माणसं त्यांना आंघोळ घालतात, तिरडीवर बांधतात, नदीकाठी नेतात आणि जाळतात. मठाचं काम एवढंच. इथं उत्सव होत नाही. इथं कुणी नवस बोलायला येत नाही.

उभा असलेला माणूस म्हणजे दिगंबर सोळंके. तीस वर्षं त्यांनी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. तालुक्यात कुणाला इंग्रजीत अर्ज लिहून हवा असला, तर अजूनही लोक त्यांच्या ओट्यावर येतात.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दगडी फरशीवर, पांढऱ्या चादरीखाली त्यांचा मुलगा होता.

यशोधन. वय सव्वीस. तालुक्याच्या गावी नव्या कॉलेजची इमारत चालली होती. तिथं तो मिस्त्रीच्या हाताखाली होता. परांचीवरून पडला. खिशात आधार कार्ड होतं, त्यावरून घरचा पत्ता निघाला.

सोळंके शेडकडे पाठ करून उभे होते.

"मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "पाहणारही नाही. आठ वर्षांपूर्वी तो विषय संपला."

"मग आलात कशाला?" बाबांनी विचारलं.

"पोलिसांनी बोलावलं म्हणून."

"ते तर दवाखान्यात बोलावतात. सही तिथंही होते."

सोळंक्यांनी खिशातली पेनं सरळ केली. मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. मी बॉडी घेतली नाही, आणि पुढचं सगळं तुम्ही केलंत, तर मला काही लागतं का? पाप वगैरे. मी मानत नाही हे. पण विचारून ठेवावं."

"मानत नाही तर विचारता कशाला," जाधवर लिंबाखालून म्हणाला.

सोळंक्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो एकदम सरळ उभा राहिला. त्याची शाळा सुटून वीस वर्षं झाली होती, तरी.

बाबांनी सुंभाचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवला.

"तुम्ही इंग्रजीचे मास्तर ना?"

"होतो."

"मग मलाही एक विचारायचंय. मी शाळेत गेलो नाही. हा शब्द रोज ऐकतो. हवालदार म्हणतात, डॉक्टर म्हणतात. काल एक बाई आली होती. नवरा गेला होता तिचा. तीसुद्धा म्हणाली, बॉडी कधी देणार. तुम्ही तर आल्यापासून तेच म्हणताय… काय असतं ते?"

"बॉडी?"

"हां."

सोळंक्यांचा आवाज बदलला. खांदे मागं गेले. उजव्या हाताची दोन बोटं जवळ आली, जणू त्यांच्यात खडू होता.

"बॉडी म्हणजे शरीर. हा पहिला अर्थ. माणसाचं, प्राण्याचं. हात, पाय, डोकं सोडून जे उरतं त्यालाही बॉडी म्हणतात. धड."

"बरं."

"पत्राचीही बॉडी असते. वर मायना, खाली सही, मधला मजकूर ती बॉडी. संस्थेची बॉडी असते. अध्यक्ष, सचिव, सदस्य. आकाशातले ग्रह, तारे, त्यांनाही बॉडी म्हणतात."

"ताऱ्यांना?" बाबांनी वर पाहिलं. ऊन होतं. दिसण्यासारखं काही नव्हतं.

"ट्रकचीपण असते," आतून कुणीतरी म्हणालं.

शेडच्या दारात रुक्माजी आला होता. पन्नाशीचा, दंडावर जुन्या भाजल्याचे डाग. मठात येण्याआधी तो ट्रकच्या बॉड्या बांधायचा.

"चासी कंपनीची येते," तो म्हणाला. "तेवढीच. इंजन आन् चाकं. त्याच्यावर बॉडी आमी बांधायचो. सागाची फळी, लोखंडाचा अँगल. मग त्याच्यावर नाव टाकायचं. फुलं काढायची. मालकाच्या पोराचं नाव, आईचा आशीर्वाद. नाव टाकल्याबिगर मालक गाडी हलवत नसतो."

"आमचा भाचा जिमला जातो," जाधवर म्हणाला. त्यालाही आता करमू लागलं होतं. "सहा महिन्यांत काय बॉडी बनवलीय त्यानं. शर्ट घालत नाही घरात."

"म्हणजे जिवंत माणसालाही बॉडी असते," बाबा म्हणाले.

"असते. अर्थातच."

"मग हवालदारांचा भाचा घरी आला, की बॉडी आली म्हणतात का?"

जाधवर हसला. सोळंके हसले नाहीत.

"नाही. त्या अर्थानं वापर होत नाही. जिवंत माणूस आला तर… नाव घेतात."

बाबा पुन्हा सुंभ वळू लागले.

"आपल्यात शब्द नव्हते का, मास्तर?"

"आहेत की. प्रेत. मृतदेह. मयत. मढं. कलेवर, पण ते फक्त पुस्तकात."

"मग हाच का धरला लोकांनी?"

 हा प्रश्न सोळंक्यांना कुठल्याही वर्गात कुणी विचारला नव्हता.

उत्तर जाधवरनं दिलं.

"मी सांगू? आमच्या कामात रोज दिसतं. प्रेत म्हटलं ना, की त्या दिवशी भाकरी खाली उतरत नाही. बॉडी म्हटलं की जेवण जातं."



नदीवरून वारा आला. शेडच्या पत्र्यावर काहीतरी खुट्ट वाजलं. सोळंक्यांची मान किंचित वळली, आणि लगेच सरळ झाली.

"अजून काही अर्थ?" बाबांनी विचारलं.

"आहेत… जोडून येतात काही. समबडी. कुणीतरी. एनीबडी. कुणीही. एव्हरीबडी. सगळे."

ते थांबले.

"नोबडी," जाधवर म्हणाला. "मलाही येतं थोडंफार. सर, नोबडी राहिलं."

सोळंक्यांनी पोत्याकडे पाहिलं. मग ते खाली बसले. बसताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, तेव्हा कळलं की माणूस म्हातारा आहे.

"म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे… कुणी नाही."

"काय केलं होतं पोरानं?"

"नापास झाला."

"कशात?"

"इंग्रजीत."

जाधवरला हसू फुटलं, आणि त्यानं ते तिथंच गिळलं.

"दोनदा," सोळंके म्हणाले. "दहावीला. माझ्या शाळेत. माझ्या वर्गात. बाकीच्या विषयांत बरा होता. माझ्याच विषयात नापास. दुसऱ्या वेळी निकाल लागला तेव्हा स्टाफरूममध्ये कुणी माझ्याकडे बघेना. चहासुद्धा शिपायानं लांबूनच ठेवला."

"मारलं?"

"नाही. मी घरात हात उचलला नाही कधी."

"मग?"

"मग काही नाही. बोलणं बंद केलं."

"किती दिवस?"

"तो घर सोडून गेला तोपर्यंत. दोन वर्षं. एकाच घरात होतो. ताट वाढलेलं असायचं. मी माझं जेवायचो, तो त्याचं. मी त्याला एकदाही वावगं बोललो नाही, बाबा. एक शब्दसुद्धा बोललो नाही."

हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडासा अभिमान होता. अजूनही.

"दाराची कडी वाजायची," ते पुढं म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "तो बाहेरून यायचा. ही स्वयंपाकघरातून विचारायची, कोण आलंय हो? मी पेपर वाचत बसलेलो असायचो. मी म्हणायचो… नोबडी."

रुक्माजीनं दाराच्या चौकटीला धरलं.

"तिला कळायचं का इंग्रजी?" बाबांनी विचारलं.

"तेवढं कळायला लागलं होतं."

"आणि त्याला?"

सोळंक्यांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"त्याला बाकी काही येत नव्हतं. तेवढं येत होतं."

…

बाबांनी सुंभ बाजूला ठेवलं. हात झटकले.

"बरं. सही करून टाका. तुमचं काम संपलं. तुम्हाला घरी जायला बस आहे अजून. आम्ही बघतो पुढचं."

सोळंक्यांना हे अपेक्षित नव्हतं. हवालदारानं कागद पुढं केला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं.

"फक्त एक सांगून जा," बाबा म्हणाले. "आमच्याकडं एक रीत आहे. आंघोळ घालताना आम्ही बोलतो त्यांच्याशी. हात वर घे, कुशीवर हो, झालंच आता. मुकाट्यानं नाही धूत. धुणं मुकाट्यानं धुतात, भांडी मुकाट्यानं घासतात. माणूस असला की बोलायला लागतं. आणि बोलायचं तर नाव लागतं."

"यशोधन दिगंबर सोळंके."

"ते हवालदारांकडं आहे. घरचं नाव सांगा."

"हेच घरचं."

"लहानपणी आंघोळ घालताना कुणी यशोधन दिगंबर सोळंके म्हणत असेल होय?"

"टोपणनावं मला आवडत नाहीत. मी लावू दिली नाहीत घरात. नाव विचार करून ठेवलं होतं. यश हेच धन ज्याचं, तो. बहुव्रीही." त्यांनी पेन कागदावर टेकवलं. "तुम्ही यशोधन म्हणा."

"आई काय म्हणायची?"

"माझ्यासमोर यशोधनच."

"आणि तुमच्यामागं?"

पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"काहीतरी म्हणायची… मी शाळेतून यायच्या आत. मला पाहिलं की थांबायची."

"काय म्हणायची?"

"मला ठाऊक नाही."

"कुणाला ठाऊक असेल?"

"तिलाच."

"मग विचारा."

सोळंक्यांनी मान वर केली.

"तिला सांगितलेलं नाही मी. पेन्शनच्या कामासाठी बँकेत जातो म्हणून निघालो. तिला हे… कशाला सांगायचं? आठ वर्षं झाली, ती आता विचारत नाही. सवय झालीय तिला. तो कुठंतरी आहे, एवढ्यावर ती जगतेय. ते तरी राहू दे."

"मी सांगा नाही म्हटलं," बाबा म्हणाले. "नाव विचारा म्हटलं."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर आम्ही आमच्या मनानं ठेवू काहीतरी. ठेवतो आम्ही. परवाच्या म्हाताऱ्याला रुक्मानं त्याच्या चुलत्याचं नाव दिलं." बाबांनी रुक्माजीकडे पाहिलं. "याला काय म्हणायचं रे?"

रुक्माजी विचारात पडला.

"माझा धाकटा होता, पिंट्या," तो म्हणाला. "त्याचं देऊ का?"

सोळंक्यांनी टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं. मग त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून फोन काढला. साधा, बटणांचा. त्यातला आवाज मोठा ठेवलेला असतो, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुपार इतकी निवांत होती की पलीकडची रिंग सगळ्यांना ऐकू आली.

"हां, बोला," बाईंचा आवाज. "झालं का बँकेतलं?"

"अगं… ऐक."

"ऐकतेय."

"तू त्याला काय म्हणायचीस?"

"कुणाला?"

सोळंक्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुणाला हो?"

"यशोधनला. लहान असताना. मी घरात नसताना तू त्याला एका नावानं हाक मारायचीस."

पलीकडं काहीच आवाज आला नाही. फोन तुटला असं वाटून त्यांनी तो कानापासून दूर केला, पडद्याकडं पाहिलं, परत कानाला लावला.

"…भुऱ्या," बाई म्हणाल्या. "केस भुरे होते ना त्याचे. भुऱ्या म्हणायचे मी." आणि मग त्यांचा आवाज चढला. "कशाला विचारताय? दिसला का तुम्हाला? भेटला का?"

"हां… आहे इथं."

"कुठं? कसा आहे? वाळलाय का? द्या, द्या त्याच्याकडं फोन."

सोळंक्यांचे ओठ हलले. जाधवरनं तोंड नदीकडे फिरवलं.

"आत्ता नाही," सोळंके म्हणाले. "तो… आंघोळ व्हायचीय त्याची."

"आता दुपारची आंघोळ? कामावरून आला असेल. गार पाण्यानं नका करू देऊ हं त्याला. सोसत नाही. लगेच छाती भरते. तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही शाळेत असायचात." त्या भरभर बोलत होत्या, जणू कुणीतरी फोन हिसकावून घेईल. "मी पिठलं टाकते. त्याला म्हणावं, घरी ये. म्हणावं, घाबरू नकोस, ते काही बोलणार नाहीत तुला. ऐकताय ना? एवढं सांगा त्याला. ते काही बोलणार नाहीत."

"हां," सोळंके म्हणाले.

फोन बंद झाला.

त्यांनी तो हातात तसाच धरून ठेवला.  हवालदाराचा कागद वाऱ्यानं पोत्यावर उलटा पडला होता. तो कुणी उचलला नाही.

मग सोळंक्यांनी फोन खिशात ठेवला आणि ते उठून शेडमध्ये गेले.

…

आत काळोख नव्हता. पत्र्यातून जागोजागी उजेड येत होता.

रुक्माजीनं चादर कमरेपर्यंत खाली केली. छातीवर दवाखान्याचे टाके होते, घाईत घातलेले, पोतं शिवतात तसे. हात मजबूत होते. तळव्यांना घट्टे. नखांत सिमेंट. चेहऱ्याला फारसं लागलं नव्हतं. दाढी वाढली होती, आणि ती सोळंक्यांनी कधी पाहिली नव्हती. ते गेलेल्या मुलाला शोधत होते, आणि समोर एक पुरुष होता.

ते बराच वेळ पाहत राहिले.

फरशीजवळ बादली भरून ठेवली होती. सोळंक्यांनी वाकून तिच्यात हात घातला.

"गार आहे हे."

"नदीचंच असतं, सर," रुक्माजी म्हणाला. "आमी नेहमी नदीचंच घेतो. मेलेल्या माणसाला गार काय आन् गरम…"

"त्याला सोसत नाही."

रुक्माजीनं दारात उभ्या असलेल्या बाबांकडं पाहिलं. बाबांनी मान हलवली.

रुक्माजी बाहेर गेला. तीन दगडांची चूल मांडली, वर तपेलं ठेवलं. तिरडीच्या कळकाचे उरलेले तुकडे जाळात घातले. पाण्याला आधण येईपर्यंत सोळंके फरशीच्या कडेला उभे राहिले. त्यांनी हाताची घडी घातली नव्हती. हात नुसते लोंबत होते.

पाणी आलं. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. इस्त्रीची घडी मोडली. बादलीत कढत पाणी ओतलं, हाताची उलटी बाजू पाण्याला लावली आणि झटकन मागं घेतली.

"विसण घाल."

रुक्माजीनं नदीचं पाणी मिसळलं.

"अजून थोडं… पुरे."

पहिला तांब्या त्यांनी पायावर घातला. मग गुडघ्यावर. सिमेंटचं राखाडी पाणी फरशीवरून वाहू लागलं.

शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं.

"मास्तर," बाबा म्हणाले, "मुकाट्यानं नाही."

सोळंक्यांनी घसा साफ केला.

"यशोधन," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता. "उजवा हात वर…"

पुढं त्यांना शब्द सापडेना. तीस वर्षं बोलून ज्याचं घर चाललं, तो माणूस तांब्या हातात घेऊन उभा राहिला. पाणी थेंब थेंब गळत होतं. त्यांनी एकदा बाबांकडं पाहिलं. बाबा चौकटीला टेकून जमिनीकडं बघत होते. रुक्माजीनं मदतीला हात पुढं केला, तो बाबांनी नजरेनं मागं घ्यायला लावला.

सोळंक्यांनी तो हात स्वतःच उचलला. जड होता. काखेखाली पाणी घातलं, बोटांनी चोळलं. मग एकेक नख धरून त्यातलं सिमेंट काढू लागले. ते निघत नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपणाच्या टोकानं कोरून काढलं. एक नख. दुसरं नख.

"हे रोज काढायचं असतं," ते म्हणाले. "साचून राहिलं की त्वचा खातं."

इतक्या हळू म्हणाले, की कुणाला सांगतायत ते कळू नये.

"हातमोजे देत नव्हते का तुम्हाला?"

"…"

"मागायचे. मागितल्याशिवाय कोण देतं."

त्यांनी दुसरा हात घेतला. छातीवरच्या टाक्यांवर पाणी घालताना तांब्या अगदी खाली आणला, धार लागू नये म्हणून. टाक्यांच्या बाजूनं पुसून घेतलं.

जाधवर दारात आला. त्याच्या हातात कागद होता.

"साहेब, मग ताबा…"

"थांबा," सोळंके म्हणाले. "डोकं राहिलंय."

जाधवर गेला नाही. तिथंच उभा राहिला.

सोळंक्यांनी मुलाच्या मानेखाली डावा हात घातला. डोकं उचललं आणि स्वतःच्या मनगटावर तोलून धरलं. उजव्या हातानं केसांवर पाणी सोडलं. केसांतून राखाडी ओघळ आला, मग पुन्हा आला. तिसऱ्या तांब्याला पाणी स्वच्छ झालं.

केस भुरे होते.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. भिजलेले केस बोटांनी मागं सारले. कपाळ मोकळं झालं.

"भुऱ्या," ते म्हणाले.

शब्द तोंडात बसत नव्हता. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिला.

"भुऱ्या, मान जरा इकडं घे. कानात जाईल… हां. असं."

त्यांनी कानाच्या मागं बोट फिरवलं. कपाळावरचं पाणी तळव्यानं निपटलं. मग ते बोलू लागले. काहीही. की घराला आता नळ आलाय. की मागच्या पेरूला वटवाघळं येतात. की वरच्या आळीतला पोस्टमन रिटायर झाला. की त्या वर्षीचा पेपर खरंच अवघड होता, मॉडरेटरनं तसं नंतर सांगितलं होतं, ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. ते थांबत नव्हते. रुक्माजीनं भिंतीकडं तोंड केलं होतं.

सोळंक्यांच्या खिशातला फोन वाजू लागला.

ते बोलायचे थांबले.

एका हातावर मुलाचं डोकं होतं. दुसरा हात ओला होता. फोन वाजत राहिला. पातळ शर्टातून त्याचा उजेड दिसत होता. वाजून थांबला. क्षणभरानं परत वाजू लागला.

सोळंक्यांनी बाबांकडं पाहिलं. 

तुळजागीर बाबा पुढं झाले. गुडघे टेकून फरशीजवळ बसले. सोळंक्यांच्या हातावरचं डोकं त्यांनी ओंजळीत घेतलं, हळू, झोपलेल्याला उचलावं तसं.

"हात पुसा, मास्तर," ते म्हणाले.